रद्दीवाला येण्याआधी: गावातल्या आरोग्यकामाची जुनी रजिस्टरं, फोटो आणि कॅसेटी कशा जपायच्या

माझी मावशी एएनएम (उपकेंद्रातली नर्सबाई) होती, घाटाखालच्या एका उपकेंद्रात तिची बरीच वर्षं गेली. रिटायर झाल्यावर तिच्या रोजच्या डायऱ्या पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर गेल्या आणि पंधरा वर्षांनी घराला रंग काढायचा म्हणून खाली आल्या, तोवर मावसभावानं रद्दीवाल्याला फोन करून टाकला होता. मी नेमका तिथे होतो म्हणून एक डायरी सहज उघडली, तर जुलैच्या एका पानाच्या समासात एवढंच, "ओढ्याला पाणी. लस परत. ३ बाळं राहिली." त्या महिन्याचा पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) रिपोर्ट कुठे सापडलाच तरी त्यात उद्दिष्ट किती, साध्य किती आणि तीन कमी, एवढंच असणार. ओढा त्यात नसणार.

अजून एक गंमत. काही बायकांच्या नावापुढे बारीक गोल आणि गोलात टिंब होतं. आम्हाला वाटलं गरोदर असेल, नाहीतर ऑपरेशन झालेलं असेल. मावशी हसायला लागली. म्हणाली, "अरे, त्या घरची सासू मला आत येऊ द्यायची नाही. ती शेतावर गेली की मग जायचं, त्याची खूण ती." आता ही गोष्ट अख्ख्या जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि डायरी कितीही भारी स्कॅन केली असती तरी ती कळली नसती.

म्हणून या लेखातला क्रम थोडा उलटा वाटेल. बहुतेक जण आधी स्कॅनर विकत घेतात. मी सांगतो, आधी माणसं गाठा, मग कागद, आणि स्कॅनर सगळ्यात शेवटी.

कुठले कागद म्हणतोय मी?

आपल्याकडे खेड्यातल्या आरोग्यकामाचा इतिहास बक्कळ आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं ते १९७० मध्ये, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलकडून डॉ. बानू कोयाजींनी वढूला केलेलं काम पण त्याच दशकातलं, आणि अभय आणि राणी बंग गडचिरोलीत आले १९८६ ला. आल्मा आटाची ती प्राथमिक आरोग्य सेवेवरची प्रसिद्ध जागतिक परिषद १९७८ ची, म्हणजे जगानं 'प्राथमिक आरोग्य सेवा' हा शब्द डोक्यावर घेण्याआधीच जामखेडच्या गावांत अक्षरओळख नसलेल्या बायका आरोग्याचं काम करत होत्या.

पण या मोठ्या संस्थांची मला तेवढी काळजी नाही, त्यांच्याकडे इमारत आहे, माणसं आहेत. काळजी आहे ती बाकीच्यांची. बंद पडलेला ट्रस्टचा दवाखाना, मिशन हॉस्पिटलचं खेड्यातलं केंद्र, कुष्ठरोगाच्या कामात आयुष्य गेलेला एखादा पॅरामेडिकल वर्कर, रिटायर एमपीडब्ल्यू (बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी), तालुक्याच्या गावचे जुने डॉक्टर. यांच्याकडे काय काय निघतं बघा: ओपीडी रजिस्टर, कुटुंब पाहणीच्या वह्या, लसीकरणाची कार्डं, बाळाच्या वाढीचे आलेख, मलेरियाच्या रक्तनमुन्यांच्या याद्या, दाई ट्रेनिंगचे फोटो, सायक्लोस्टाइल केलेली माहितीपत्रकं, शिबिराची निमंत्रणं, डॉक्टरांची पत्रं, मीटिंगचं प्रोसिडिंग. आणि कागदापलीकडच्या वस्तू सुद्धा. दंडघेर मोजायची पट्टी, फ्लॅशकार्ड, पाळण्याचा वजनकाटा. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं दाईसाठी श्वास मोजायचं साधन बनवलं होतं, त्यात वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी, म्हणजे आकडे येत नसले तरी बाळाला न्यूमोनिया आहे का ते कळावं. अशी वस्तू रजिस्टरापासून वेगळी केली की दोन्हीचा अर्थ अर्धा होतो.

आणि "जुन्या वह्यांना काय करायचंय" म्हणणाऱ्याला सांगायला एक उदाहरण. सर्चचा नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा अभ्यास १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, ३९ गावांत काम, ४७ गावं तुलनेला, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे हे काम आहे. पण गावोगाव जन्म आणि मृत्यू इमानदारीत लिहून ठेवणारी माणसं नसती तर हा ६२ आकडा आला असता कुठून?

आधी बघा, कागद कोणाचा आहे

सरकारी पीएचसीचं किंवा उपकेंद्राचं रजिस्टर ही सरकारची मालमत्ता. कपाटात सडतंय म्हणून भावनेच्या भरात घरी आणायचं नाही, कितीही वाईट वाटलं तरी. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा कायदा आहे, त्यामुळे कार्यालयाला पण वाटेल तसं ते फेकून देता येत नाही. ऑफिसात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अ म्हणजे कायम ठेवायचं आणि ड म्हणजे वर्षभरात निकालात. ही छाननी करून जुनं काढून टाकायचा जो कार्यक्रम असतो त्याला ऑफिसच्या भाषेत निंदणीकरण म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, कारण "तुमच्याकडे निंदणीकरण कधी आहे" असं विचारलं की क्लार्क तुमच्याकडे जरा आदरानं बघतो. त्याच वेळी वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांना लेखी अर्ज द्यायचा की अमुक वर्षांची रजिस्टरं नष्ट करू नका, आम्हाला जागेवरच फोटो काढू द्या, आणि मूळ प्रतींचं काय करायचं ते पुराभिलेख खात्याला (जुने सरकारी कागद सांभाळणारं खातं) विचारून ठरवा. अर्जाची पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

खाजगी संस्थेचं असेल तर ट्रस्टींचा ठराव किंवा निदान सहीचं पत्र. मावशीसारख्या व्यक्तीच्या स्वतःच्या डायऱ्या असतील तर तिची संमती, आणि ती नसेल तर घरच्यांची.

जुनं शोधताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, त्याआधी पश्चिम महाराष्ट्रात दवाखाने आणि देवी टोचणं बघायचं काम बऱ्याच ठिकाणी लोकल बोर्डाकडे (जिल्हा परिषदेच्या आधीची स्थानिक संस्था) होतं, त्यामुळे त्या नावानं शोधावं लागतं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे, तिथले कागद उर्दूत निघतील. विदर्भाचे धागे नागपूरकडे जातात, आणि गोव्यात १९६१ आधीचं सगळं पोर्तुगीजमध्ये. गावपातळीवरचं जुनं मराठी मोडीतही असू शकतं, तेव्हा "काहीतरी गिचमिड आहे" म्हणून बाजूला टाकू नका.

माणसं गाठा, आणि कागद हातात घेऊन गाठा

नुसतं मोबाईल समोर धरून "तुमचे अनुभव सांगा" म्हटलं की माणूस भाषण देतो. आमच्या वेळी खूप हाल होते, रस्ते नव्हते, लाईट नव्हती, सगळं खरं असतं पण सगळ्यांचं सारखंच असतं. त्यापेक्षा रजिस्टरचं एक पान उघडून मांडीवर ठेवा आणि विचारा, हा लाल पेन्सिलचा टिक कशाचा? ही बाई दोनदा का आलीय? हा महिना अख्खा कोरा का? बघा मग कसं बोलतात.

मी विचारतो ते प्रश्न साधारण असे. खुणा आणि शॉर्टफॉर्म कोणते वापरायचात. नोंद त्याच दिवशी व्हायची की महिनाअखेरीला एकदम बसून. टार्गेट पूर्ण झालं नाही तर काय लिहायचात, आणि हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारा, पहिल्या भेटीत नाही, कारण कुटुंब नियोजनाच्या केसेसचं टार्गेट हा विषय निघाला की माणूस सावध होतो. कोणत्या वाडीला जाणं टाळलं जायचं आणि का. मृत्यूचं कारण कोण ठरवायचं. उत्तरं ऐकल्यावर त्या रजिस्टरातला कुठला रकाना भरवशाचा आणि कुठला नाही हे कळतं, आणि पुढे कोणी त्यावर अभ्यास करायला बसला तर त्याला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होईल.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर परवानगी आधी, आणि नुसती सही नको, काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि समोर कोणतं रजिस्टर आहे ते स्वतः बोला. पंखा बंद करा. कोंबड्या बंद करता येत नाहीत, त्या राहू द्या.

खोलीत शिरल्यावर

पहिल्या दिवशी काहीही उचलायचं नाही. कपाट, फळी, गठ्ठे जसे आहेत तसे फोटो काढा, वरून, बाजूनं, प्रत्येक फळीचा वेगळा. आपल्याला लगेच वर्षाप्रमाणे लावायची खाज सुटते, ती दाबा. कोणत्या गठ्ठ्यात काय काय एकत्र बांधलंय यालाही अर्थ असतो, एका गठ्ठ्यात ओपीडी रजिस्टरसोबत रेशन दुकानाची यादी बांधलेली असेल तर कोणीतरी त्या दोन गोष्टी जोडून बघत होतं. मूळ क्रम मोडला की तो परत येत नाही, म्हणून गठ्ठ्याला नंबर द्या (मऊ पेन्सिलनं, वेगळ्या चिठ्ठीवर) आणि आतला क्रम तसाच ठेवा.

मास्क लावा, एन ९५ असेल तर बरं. बुरशी असते, उंदराच्या लेंड्या असतात, आणि जुन्या कपाटात पांढरी पावडर दिसली तर ती गॅमेक्सिन किंवा डीडीटी, म्हणजे विषारी कीटकनाशक असू शकते, कारण आरोग्य खात्यात फवारणीचं औषध हाताशीच असायचं आणि वाळवी लागू नये म्हणून रेकॉर्डवर पण भुरभुरलं जायचं. अशा ठिकाणी हातमोजे घाला आणि तिथे बसून डबा खाऊ नका. एरवी साध्या कोरड्या कागदाला हातमोजे लागत नाहीत, धुतलेले कोरडे हात चांगले, पान फाटत नाही. फोटो आणि निगेटिव्हला मात्र सुती मोजे घाला.

सफाई म्हणजे दोन इंची मऊ ब्रश, मधून बाहेर अशी धूळ झटकायची, सावलीत, वारा कमी असेल तिथे. ओल्या फडक्यानं पुसणं बंद. उन्हात वाळत घालणं बंद, वाळवण नाहीये ते, शाई उडते. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलचं लिखाण आणि रबरी शिक्के पाण्याचा थेंब लागला तरी पसरतात, एवढं आधी तपासा.

गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना काढा, पण ओढून नाही, मागची टोकं पातळ सुरीनं किंवा चिमट्यानं सरळ करून हळूच. काढल्यावर ते कागद वेगळे होऊ नयेत म्हणून एका दुमडलेल्या कोऱ्या कागदात ठेवा.

आता माझी चूक सांगतो. मावशीला मिळालेलं एक प्रशस्तिपत्र घडीवर फाटलं होतं, मी प्रेमानं चिकटपट्टी लावली आणि वर लॅमिनेट करून आणलं. चार वर्षांत पट्टीखाली पिवळा तेलकट डाग आला आणि आता ते लॅमिनेशन कोणालाच काढता येत नाही. चिकटपट्टी नको, फेव्हिकॉल नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. फाटलेलं फाटलेलं राहू द्या, कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, पुढे जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीनं जोडणारा जाणकार भेटला तर तो बघेल.

गुंडाळायचं कशात

ॲसिड-फ्री बॉक्स मिळाले आणि परवडले तर उत्तमच. नाहीतर आपला जुना उपाय आहे, रुमाल. पेशवे दफ्तराचे कागद रुमालातच बांधलेले असायचे. कोरं मांजरपाट आणा, दोनदा धुऊन खळ काढा, पूर्ण वाळवा आणि चौकोनी तुकड्यात रजिस्टर बांधा, वर-खाली पुठ्ठा, सुती नाडी. लाल कापड दिसायला छान पण भिजलं तर रंग सोडतं, म्हणून कोरंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणं हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात वाईट उपाय, कोकणात तर विचारूच नका, आत दमट हवा कोंडते आणि एका पावसाळ्यात बुरशी.

कपाट लोखंडी, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हात जाईल एवढं लांब. बाथरूमच्या भिंतीला नको, गळक्या कोपऱ्यात नको. वेखंड ठेवा, कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण सुकवून पुरचुंडीत, ओला पाला म्हणजे ओल आपणच आत घातली. यांनी कसर थोडी लांब राहते, वाळवी राहत नाही, वाळवीला कपाट दर महिन्याला उघडून बघणं हाच उपाय.

पुरात किंवा गळतीत भिजलंच तर घड्याळ सुरू झालं समजा, दोन दिवसांत बुरशी धरते. पानं जबरदस्तीनं सोडवू नका. रजिस्टर उभं करून पानं पंख्यासारखी उघडा, मध्ये कोरा टीपकागद घाला आणि बदलत राहा, खोलीत पंखा चालू पण थेट झोत नाही. खूपच असेल आणि कोणाकडे मोठा डीप फ्रीझर असेल तर पिशवीत घालून गोठवा, गोठवलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, तुम्हाला वेळ मिळतो. यासाठीची प्लॅस्टिकची पिशवी चालते, हा एकच अपवाद.

ज्याला वेळ कमी ते आधी

स्कॅनिंगला बसाल तेव्हा सुबक दिसणाऱ्या रजिस्टरपासून सुरुवात होते असा अनुभव आहे, आणि ती रजिस्टरं अजून तीस वर्षं तशीच राहतील. आधी घ्यायचं ते मरायला टेकलेलं. ईसीजीच्या पट्ट्या आणि फॅक्स थर्मल कागदावर असतात, ते आपोआप पुसट होत कोरे होतात. ऑडिओ कॅसेटी, त्यात आरोग्याची गाणी, कलापथकाचा कार्यक्रम, दाईंच्या मुलाखती असतील, बुरशी दिसली तर घरच्या टेपवर लावून बघू नका, माहितगाराकडे द्या. निगेटिव्हना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या खराब होत चालल्यात, बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा. आणि फ्लॉपी, सीडी.

इथे आपल्या मराठीवाल्यांची एक खास डोकेदुखी आहे. नव्वदच्या दशकातले आणि दोन हजारनंतरचे बरेच रिपोर्ट श्रीलिपी, आकृती असल्या फॉन्टमध्ये टाईप केलेत, नव्या कॉम्प्युटरवर उघडले की नुसता कचरा दिसतो. फाइल डिलीट करू नका, ती खराब झालेली नाही. तो फॉन्ट असलेला जुना कॉम्प्युटर कुठे डीटीपीवाल्याकडे चालू असेल तर तिथे पीडीएफ करून घ्या, मग कन्व्हर्टरनं युनिकोड करा आणि मूळ फाइल पण ठेवा, कारण कन्व्हर्टर जोडाक्षरं खातो.

साध्या कागदाला ३०० डीपीआय, बारीक पेन्सिलच्या नोंदीला ४००, फोटोला ६००, रंगीतच करा, काळं-पांढरं नको, नाहीतर लाल टिक आणि निळा टिक एकच दिसतो. मूळ प्रत टिफ, वापरायला जेपीजी किंवा पीडीएफ. मोबाईलनं करायचं तर स्टँड घ्या, खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद, आणि स्कॅनिंग ॲपचं ते 'मॅजिक' बंद करा जे कडा कापतं आणि कागद पांढराशुभ्र करतं. कडा कापायच्या नाहीत! समास, कव्हर, शेवटचं पान, मध्ये ठेवलेली चिठ्ठी, मागच्या पुठ्ठ्यावर केलेला हिशोब, सगळं. मावशीचा ओढा समासातच होता.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा, मराठी नावं काही जुन्या सिस्टीमवर फुटतात. गाव, प्रकार, वर्ष, गठ्ठा नंबर, पान नंबर एवढं पुरे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या गावात. हार्ड डिस्क चार-पाच वर्षांनी बदला, ती बंद पडायची वाट बघू नका. पेनड्राइव्ह म्हणजे जपणूक नाही.

आणि एक यादी, साधी एक्सेल शीट चालेल. गठ्ठा नंबर, काय आहे, कोणत्या वर्षांचं, कोणाकडून आलं, कोणत्या तारखेला, अवस्था कशी, भाषा-लिपी, खुणांचा अर्थ कोणी सांगितला. शेवटचा रकाना बाकी कुठल्या मार्गदर्शकात नसेल, पण तो ठेवाच. यादी छापून एक प्रत कपाटात.

नावं, रोग आणि जात

ही रजिस्टरं म्हणजे लोकांच्या अंगावरची दुखणी आहेत. कुष्ठरोग, टीबी, गर्भपात, नसबंदी, एचआयव्ही, वेडाचा शिक्का, आणि बहुतेक वेळा शेजारच्या रकान्यात जात. गाव छोटं असतं, १९८२ ला कोणाच्या आजीला कुष्ठरोग होता हे आज नातीच्या लग्नात काढलं जाऊ शकतं. गर्भपाताच्या नोंदी आणि एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवायला कायदाच सांगतो, आणि डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा आहे तो वेगळाच. तेव्हा स्कॅन सगळं करा, पण नावं असलेलं काही इंटरनेटवर चढवू नका, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "बघा आपला इतिहास" म्हणून पान टाकणं तर नकोच. लोकांना दाखवायची प्रत वेगळी करा, नावं झाकून, आणि मूळ कोण बघू शकतं ते लेखी ठरवा. झाकताना मूळ कागदावर मार्कर फिरवणारे महाभाग मी पाहिलेत. झाकायचं ते कॉपीवर.

फोटोचंही तेच. शिबिरात स्ट्रेचरवर झोपलेल्या बाईनं १९७६ ला कोणाला परवानगी दिली होती?

आत्ताचं पण

२०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं आणि आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या. त्या वह्या आत्ता कुठे आहेत? बऱ्याच घरी आहेत, काहींच्या पोरांनी मागच्या बाजूला अभ्यास केलाय. आणि अर्ध्याहून जास्त काम तर व्हॉट्सॲपवरच चाललं, फोन बदलला की गेलं. ओळखीच्या आशाताई असतील तर त्यांच्या ग्रुपचं चॅट त्यांच्यासमोर एक्सपोर्ट करून घ्या, वरचे गोपनीयतेचे नियम त्यालाही लागू.

शेवटी ठेवायचं कुठे

संस्था चालू असेल आणि कपाट कोरडं असेल तर तिथेच ठेवा, गावाच्या जवळ. नाहीतर पुराभिलेख संचालनालयाला विचारा, मुंबईशिवाय पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही त्यांची कार्यालयं आहेत. विद्यापीठाचं ग्रंथालय किंवा मेडिकल कॉलेजचा कम्युनिटी मेडिसिन (जनऔषधवैद्यकशास्त्र) विभाग हा दुसरा पर्याय, पण तिथे एका उत्साही प्राध्यापकाच्या भरवशावर देऊ नका, ते रिटायर झाले की गठ्ठे परत जिन्याखाली. देताना कागदावर लिहून घ्या: क्रम मोडणार नाही, नष्ट करण्याआधी आम्हाला कळवाल, नावं असलेला भाग अमुक वर्षं बंद राहील, गावातल्या माणसाला फुकट बघता येईल, आणि एक डिजिटल प्रत आमच्याकडे राहील. यातलं काही मान्य नसेल तर घाई करू नका.

मावशीच्या डायऱ्या अजून आमच्याकडेच आहेत, मांजरपाटात, वरच्या खोलीत. दर वर्षी दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काढतो, झटकतो, परत बांधतो. या वेळी मावशीला सोबत बसवलं तर तिनं अजून एक खूण ओळखली, नावाखालची दुहेरी रेघ. तिला तिचा अर्थ आठवला, पण म्हणाली, "हे नको लिहूस." यादीत त्या रकान्यात मी "माहीत आहे, सांगायचं नाही" असं लिहिलंय.